शेजाऱ्याची साक्ष

यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांत, पैनगंगेच्या खोऱ्यांत, फुलसावंगी नांवाचें एक मोठें खेडें आहे. सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याचें नांव एकाएकीं देशभरच्या वृत्तपत्रांत आलें. तेथील एका तरुण कारागिराचा, स्वतः घडविलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असतां, अपघातानें अंत झाला. आणि दूरदूरच्या लोकांनीं त्या गांवाविषयीं हळहळ व्यक्त केली. ती हळहळ खरी होती, तिला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु गांवाच्या आयुष्यांत असा दिवस क्वचित् येतो. ज्या दिवसांनीं त्याचें बरेंवाईट ठरतें ते दिवस निराळे असतात. पाण्याची टाकी कोठें बांधावयाची, घरकुलाच्या यादींत कोणाचें नांव राहावयाचें, वित्त आयोगाकडून आलेला पैसा कशावर खर्चावयाचा, हें जेथें ठरतें त्या सभेला बातमीदार पाठविणें कोणत्याही वृत्तपत्राला परवडत नाहीं.

अशा सभांचें वृत्त रहिवाशांनींच लिहावें, आणि त्यासाठीं त्यांना रीतसर शिक्षण द्यावें, हा विचार अलीकडे ठिकठिकाणीं मूळ धरूं लागला आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरांत २०१५ सालीं स्थापन झालेल्या सिटी ब्युरो या संस्थेनें सामान्य नागरिकांना शिकवून व मोबदला देऊन सार्वजनिक सभांना पाठविण्याचा उपक्रम चालविला, आणि तो पुढें इतर शहरांत पसरला. आपल्या देशांत २००२ सालीं बुंदेलखंडांतील चित्रकूट येथें सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या पत्रानें खेड्यांतील स्त्रियांच्या हातीं लेखणी दिली. या उपक्रमांच्या व्यवस्थेविषयीं पुष्कळ बोललें जातें. मला येथें त्यांच्या मुळाशीं असलेल्या नैतिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्यांच्यांत आपल्याला उद्यांही राहावयाचें आहे, ज्यांच्याशीं सोयरिकीचे, उसनवारीचे, मजुरीचे संबंध आहेत, अशा माणसांनीं सभेंत काय केलें तें लिहिण्याचा शेजाऱ्याला अधिकार आहे काय? आणि असल्यास तो त्यानें कोणत्या बंधनांत राहून वापरावा?

प्रथम ही सभा कोणती तें स्पष्ट केलें पाहिजे. महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९६१ सालीं सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा अहवाल दिला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. म्हणजे या राज्याच्या पंचायत-व्यवस्थेची आंखणी करणारे गृहस्थ फुलसावंगीच्या शेजारच्याच मुलुखांतले होते. पुढें त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेला राज्यघटनेंत स्थान मिळालें. वर्षांतून निदान चार ग्रामसभा भरल्या पाहिजेत, त्यांच्या आधीं स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे, आणि मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असले पाहिजेत, असा नियम आहे. गणपूर्तीअभावीं तहकूब झालेली सभा पुन्हां भरते तेव्हां मात्र ही अट राहत नाहीं.

या नियमांतच आपल्या प्रश्नाचें बीज आहे. मोठ्या खेड्यांत शंभर माणसें जमलीं कीं सभा पुरी होते; तहकुबीनंतर तींही नकोत. बाकीचे कोठें असतात? कापूस वेंचावयास गेलेली बाई, ऊसतोडीसाठीं परजिल्ह्यांत गेलेलें कुटुंब, दुकान सोडतां न येणारा शिंपी, हे उदासीन म्हणून गैरहजर असतात असें नाहीं. त्यांच्या वतीनें निर्णय मात्र होतो. सभेचें कार्यवृत्त सचिव या नात्यानें पंचायतीचा अधिकारी लिहितो, आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं त्याची नक्कलही मागतां येते. पण अशा नकला ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे कीं त्यांत ठरावाचा विषय, सूचकाचें नांव, अनुमोदकाचें नांव आणि 'सर्वानुमतें मंजूर' हे दोन शब्द, यांपलीकडे बहुधा कांहीं नसतें. कोणीं काय विचारलें, त्याला उत्तर मिळालें कीं नाहीं, हें त्यांतून कळत नाहीं. यांत अधिकाऱ्याचा दोष काढण्याचें कारण नाहीं. तो ठरावाचा लेखक आहे. चर्चेचा लेखक त्याला कोणीं नेमलेलें नाहीं. तेव्हां जे हजर नव्हते त्यांचें एक देणें सभेकडे राहून जातें. काय झालें, कसें झालें, हें त्यांना समजणें हेंच तें देणें होय. वृत्त लिहिणारा शेजारी तें फेडतो, आणि त्याच्या अधिकाराचें मूळ तेथें आहे. तो अधिकार त्याच्या विद्वत्तेंतून किंवा धीटपणांतून येत नाहीं. गैरहजर माणसाच्या हक्कांतून येतो.

यावर पहिला आक्षेप खेड्यांतूनच येईल, आणि तो हलका नाहीं. इकडची गोष्ट तिकडे नेणाऱ्याला आपण चहाडखोर म्हणतों, आणि खेड्याच्या नीतीनें चहाडखोराला कधीं क्षमा केलेली नाहीं. मग हा लिहिणारा निराळा कसा? सत्यासत्यावरून हा भेद ठरत नाहीं, कारण चहाडी पुष्कळ वेळां खरी असते. भेद सांगण्याच्या रीतींत आहे. चहाडी एकाच्या कानांत सांगितली जाते, तो बहुधा सत्तावान असतो, आणि ज्याच्याविषयीं ती सांगितली त्याला तिचा पत्ता नसतो. वृत्त सर्वांपुढें ठेवलें जातें. ज्याच्याविषयीं लिहिलें तोही तें वाचतो, आणि 'हें असें झालें नाहीं' असें उठून म्हणूं शकतो. म्हणून सभेची हकीगत रात्रीं तालुक्याच्या पुढाऱ्याला फोनवरून कळविणारा मनुष्य, त्याचा शब्दन्शब्द खरा असला तरी, चहाडीच करतो. उलट पंचायतीच्या फळ्यावर स्वतःच्या सहीनें कागद लावणारी मुलगी, तिच्या हातून एखादा आंकडा चुकला तरी, चहाडी करीत नाहीं.

ही समज आपल्याकडे नवी नाहीं. मराठेशाहींत वतनाचे तंटे गोतसभेपुढें चालत आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर हजर असलेल्यांचीं नांवें येत, आणि ज्याला लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी : शेतकऱ्याचा नांगर, शेट्याचा तराजू. त्या निशाणीचा अर्थ इतकाच कीं मी येथें होतों, आणि उद्यां कोणीं विचारलें तर मी उत्तर देईन. त्या सभांत सर्वांचा शब्द सारख्या मोलाचा नव्हता हें विसरतां येत नाहीं; पण साक्षीची जबाबदारी उपस्थितीबरोबरच येते, हें तत्त्व तेथें उघड दिसतें. पुढें १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें १८७६-७७ च्या दुष्काळांत जागोजागची हकीगत गोळा करून सरकारकडे पाठविली. सरकारचे स्वतःचे अहवाल असतांना हा खटाटोप कशासाठीं? सरकारी अहवाल मुख्यतः सरकारनें काय केलें तें सांगतो. लोकांवर काय गुदरलें तें सांगावयाला दुसरा कागद लागतो. पंचायतीचें कार्यवृत्त आणि शेजाऱ्यानें लिहिलेलें वृत्त यांचें नातें असेंच आहे. एकानें दुसऱ्याची गरज संपत नाहीं.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे. सातवी-दहावीपर्यंत शिकलेला मनुष्य असें नाजूक काम काय करील, असें ते विचारतील. त्यांना इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांतील एक हकीगत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांत अठराव्या शतकांत पार्लमेंटांतील चर्चा प्रसिद्ध करणें हा हक्कभंग समजला जाई. १७७१ सालच्या झगड्यानंतर ती बंदी व्यवहारांत सुटली. त्या बंदीच्या काळांत, १७४० नंतरचीं कांहीं वर्षें, डॉ. सॅम्युअल जॉन्सन 'जंटलमन्स मॅगझिन' साठीं त्या चर्चांचीं वृत्तें लिहीत. सभागृहांत ते जवळजवळ कधींच गेले नव्हते. दुसऱ्यांनीं आणलेल्या तुटपुंज्या टिपणांवरून त्यांनीं भाषणेंच्या भाषणें रचलीं. तीं इतकीं उत्तम साधलीं कीं लोकांनीं तीं खरीं मानलीं. आणि हें ध्यानांत आल्यावर जॉन्सननीं तें काम सोडलें. आयुष्याच्या अखेरीस त्यांना त्याची खंत वाटत होती. इतक्या मोठ्या आणि सत्यप्रिय पंडिताला जो मोह आवरला नाहीं तो विद्वत्तेचाच होता. सभेंतलें बोलणें अडखळतें असतें, अर्ध्यांतच तुटतें, एकाच मुद्द्याभोंवतीं फिरतें. भाषेवर प्रभुत्व असलेल्याला तें नीटनेटकें करण्याची इच्छा होते. ज्याला सुंदर लिहितां येत नाहीं त्याच्या वाटेंत हा एक मोह कमी असतो.

मग शिकवावयाचें काय? महाविद्यालयाच्या वादसभेचें वृत्त दोघां विद्यार्थ्यांकडून वेगवेगळें लिहवून घेतलें म्हणजे मला नेहमीं आढळतें कीं घडलेल्या गोष्टींविषयीं त्यांचा फारसा मतभेद नसतो. एक लिहितो, 'अध्यक्षांनीं प्रश्न टाळला.' दुसरा लिहितो, 'अध्यक्षांनीं पुढील विषय घेतला.' पहिल्यानें आपल्याला वाटलेलें लिहिलें. दुसऱ्यानें पाहिलेलें लिहिलें, पण प्रश्न गाळला. खरें वृत्त असें होईल : अमक्यानें अमुक विचारलें, अध्यक्षांनीं उत्तर दिलें नाहीं, पुढील विषय घेतला. टाळलें कीं काय तें वाचणारा ठरवील. ऐकलेलें, पाहिलेलें आणि वाटलेलें हीं तीन वेगळालीं करणें हा पहिला धडा, आणि तो महिनाभराच्या सरावानें कोणालाही येण्यासारखा आहे. सभा सुरू झाली तेव्हां किती माणसें होतीं आणि ठरावाच्या वेळीं किती उरलीं तें मोजणें. रक्कम, गट क्रमांक, कामाचें नांव विचारून घेणें. कोण बोललें नाहीं तेंही टिपणें, हे त्याच्या पुढचे धडे. फुलसावंगीच्या मुलुखांत आणखी एक धडा लागेल. कार्यवृत्ताची मराठी पुस्तकी असते. सभेची मराठी वऱ्हाडी वळणाची, आणि या भागांत बंजारा बोली व उर्दूही घराघरांत चालतात. तांड्यावरची बाई आपल्या बोलींत तक्रार सांगते आणि लेखी कागदांत तिचें 'सूचना केली' होतें. तक्रारीची सूचना करणें हें भाषांतर नव्हे. त्यांत तिचा राग कोणीतरी परस्पर खर्चीं टाकलेला असतो.

पण या सर्वांहून कठीण भाग निःपक्षपाताचा आहे. निःपक्षपाती म्हणजे ज्याचे कोणाशीं संबंध नाहींत असा, हा अर्थ आपण न्यायालयांतून उचलला आहे. न्यायाधीश परगांवचा आणतां येतो. शेजारी परगांवचा कसा आणावयाचा? गांवांतील प्रत्येक लिहिणारा कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी देणेकरी, कोणाच्या तरी शेतावरचा मजूर असणारच. तेव्हां त्याच्याकडून संबंध नसण्याची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. त्याच्याकडून दोन गोष्टी मागतां येतात. आपला संबंध असेल तेथें तो सांगावा : 'ज्या रस्त्याची चर्चा झाली त्यावर माझें घर आहे.' आणि लिहिलेलें प्रसिद्ध करण्यापूर्वीं, ज्यांचें बोलणें त्यांत आलें आहे त्यांना तें वाचून दाखवावें. ते म्हणतील तें सर्व खोडावें असें नाहीं. पण त्यांचा आक्षेप त्याच कागदावर लिहावा. ज्यानें आपली साक्ष उलटतपासणीला मोकळी ठेवली तो आप्त असूनही निःपक्षपाती होऊं शकतो; ज्यानें ती बंद ठेवली तो परका असूनही पक्षपाती असूं शकतो. मला निःपक्षपाताचा हाच अर्थ ग्राह्य वाटतो, आणि खेड्यांत दुसरा अर्थ चालणारही नाहीं.

आतां एका अवघड प्रसंगावर हें तत्त्व घासून पाहूं. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत घरकुलांची यादी ग्रामसभेपुढें येते. समजा, एका विधवेचें नांव वाचलें गेलें, आणि कोणी उठून म्हणाला कीं हिचा मुलगा शहरांत कमावतो. त्याला जोडून तिच्या चारित्र्याविषयींही तो एक वाक्य बोलला. लोक हंसले, आणि नांव मागें पडलें. लिहिणाऱ्यानें काय करावें? सर्व जसेंच्या तसें लिहिलें तर शंभरांपुढें झालेली विटंबना तो हजारांपुढें करतो. गाळलें तर तिचें घर कसें गेलें हेंच लपतें. माझ्या मतें, मुलाच्या कमाईचा आक्षेप घेणाऱ्याच्या नांवासह लिहावा, कारण तो पात्रतेविषयीं आहे आणि त्याची शहानिशा करतां येते. दुसऱ्या वाक्याचे शब्द लिहूं नयेत. परंतु पात्रतेशीं संबंध नसलेलें बोलणें झालें, अध्यक्षांनीं तें थांबविलें नाहीं, आणि त्यानंतर नांव मागें पडलें, एवढें अवश्य लिहावें, कारण ती सभेची कृति आहे. आणि हें फळ्यावर लावण्यापूर्वीं त्या बाईच्या घरीं जाऊन तिला विचारावें. अब्रू तिची आहे. ती म्हणाली, 'तो काय बोलला तें गांवाला कळूं द्या', तर शब्दही लिहावेत. ती नको म्हणाली तर शब्द राहूं द्यावेत. सभेचा निर्णय सार्वजनिक आहे. त्या निर्णयाखालीं सांपडलेल्या माणसाचें दुःख आपोआप सार्वजनिक होत नाहीं.

दुसरा अवघड प्रसंग भीतीचा. सही करावी असें मीं वर म्हटलें. पण जिची मजुरी सरपंचाच्या भावाच्या शेतावर आहे तिनें सही कशी करावी? नीतिशास्त्रावर लिहिणारे दुसऱ्याच्या शौर्यावर फार सहज विसंबतात. ज्या व्यवस्थेला दर सभेस एक वीर लागतो ती व्यवस्था नव्हे. म्हणून लिहिणारे तिघें असावेत. निरनिराळ्या वस्त्यांतले, त्यांत निदान एक स्त्री. दर सभेस त्यांची पाळी बदलावी आणि कागदावर तिघांची सही असावी. एकाला धमकावणें सोपें असतें. तीन वाड्यांना एकदम धमकावतां येत नाहीं. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं पत्र काढलें तेव्हां त्याला 'मूकनायक' हें नांव दिलें. ज्यांच्याविषयीं इतरांनींच लिहावयाचें असा प्रघात होता, त्यांच्या मौनाकडे तें नांव बोट दाखवीत होतें. आजही तिघांपैकीं तिघें एकाच वाड्यांतले असतील तर कागद नवा आणि प्रघात जुना असें होईल. आणि इतकेंही करून एखाद्या विषयावर लिहिण्याचें धैर्य झालें नाहीं, तर 'या विषयाचें वृत्त देतां आलें नाहीं' अशी एक ओळ तरी सोडावी. रिकामी ठेवलेली जागा ही लबाडी नव्हे. ती बुजवून टाकणें ही लबाडी आहे.

मोबदल्याविषयीं आपल्याकडे नाकें मुरडलीं जातील, कारण समाजकार्य फुकट करावें असा आपला समज आहे. पण जिचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी, तिला फुकट लिहावयास सांगणें म्हणजे हें काम सुखवस्तूंच्या ओसरीवर नेऊन ठेवणें होय. बुडालेली मजुरी भरून दिलीच पाहिजे. फक्त ती पंचायतीच्या तिजोरींतून येऊं नये, गांवांतल्या वर्गणींतून यावी.

कोणी म्हणेल, आतां यंत्रें आलीं आहेत, या सर्वाची गरजच काय? २०२५ च्या ऑगस्टमध्यें केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानें 'सभासार' नांवाचें साधन सुरू केलें. सभेच्या ध्वनिमुद्रणावरून तें आपोआप कार्यवृत्ताचा मसुदा तयार करतें. त्याचा उपयोग मी नाकारीत नाहीं. ऐकण्यांत राहून गेलेले आंकडे त्यानें सांपडतील. पण जो उठून निघून गेला त्याचें जाणें मुद्रणांत येत नाहीं, आणि दाराशीं उभी राहून परत फिरलेली बाई त्याला माहीत नसते. त्याहून मोठी गोष्ट ही कीं यंत्राला कोणी दारांत अडवून 'तूं असें कां लिहिलेंस?' म्हणून विचारूं शकत नाहीं. साक्षीदार तोच, ज्याला असें विचारतां येतें आणि ज्याला त्याचें उत्तर देऊन पुन्हां त्याच गल्लींतून जावें लागतें. शेजाऱ्याची जी अडचण आपण आरंभीं पाहिली तीच त्याच्या साक्षीचें मोल आहे. खोटें लिहिलें तर ज्यांच्यांत राहावयाचें त्यांना तोंड दाखवितां येत नाहीं, हा धाक परक्या बातमीदाराला नसतो.

प्रत्येक ग्रामसभेच्या आरंभीं मागील सभेचें कार्यवृत्त वाचून कायम करण्याचा विषय असतो. बहुतेक ठिकाणीं तो मिनिटाभरांत आटोपतो, कारण ऐकणाऱ्यांपाशीं ताडून पाहण्यास दुसरें कांहीं नसतें. तिघां शेजाऱ्यांचा कागद आठवडाभर आधीं फळ्यावर लागलेला असला तर कोणीतरी उठून म्हणेल, 'सर्वानुमतें कसें? आमच्या वस्तीनें तर प्रश्न विचारला होता.' मग तो विषय अर्धा तास घेईल, कदाचित् वादही होईल, आणि सभेला उशीर झाला म्हणून कांहीं लोक कुरकुरतील. गांवानें तो अर्धा तास द्यावा.